न भरलेला अर्ज

नांदेडहून निघालेली गाडी मुदखेड सोडून निजामाबादच्या वाटेला लागली की थोड्याच वेळात उमरीचे स्थानक येते. २०२४ च्या दिवाळीत मी या स्थानकावर उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत, फराळाच्या डब्याखाली, एक घडी घातलेला कागद होता. त्यावर मी मोठ्या कष्टाने एक तक्ता तयार केला होता. डाव्या बाजूला परीक्षांची नावे: जेईई मेन, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, एमएचटी-सीईटी, बिटसॅट आणि दक्षिणेतल्या एका खाजगी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. उजव्या बाजूला ठाऊक होत्या तेवढ्या तारखा, शुल्क, प्रश्नांची संख्या, वजा गुणांचे नियम. भाची बारावीला होती. नांदेडला दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहत होती आणि सणासाठी घरी आली होती. जेईई मेनच्या जानेवारी सत्राचे अर्ज २८ ऑक्टोबरला सुरू झाले होते आणि २२ नोव्हेंबरला बंद होणार होते. मामाने सल्ला द्यावा अशी वेळ आली आहे, असे मला वाटत होते. मला कुणी तसे विचारले नव्हते, ही गोष्ट निराळी.

संध्याकाळी ओसरीवर तिनेच विषय काढला. "मामा, मी फॉर्म भरायले, तर किती भरू?"

मी तत्परतेने कागद काढला आणि म्हणालो, "सगळे."

ताई आतून म्हणाली, "अरे, लेकरानं एवढे पेपर द्यायचे कधी अन् बारावीचं करायचं कधी?" दाजी काही बोलले नाहीत. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात क्विंटलमागे त्याहून बरेच कमी मिळत होते. त्यांनी माझा कागद हातात घेतला, शुल्काच्या रकान्यावरून बोट फिरवले आणि परत दिला.

"सगळे" हा शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज का निघाला, याचे उत्तर मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. ते सापडायला पुढचे सहा महिने लागले. ते कसे सापडले, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. मात्र त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मी बारावी झालो १९९३ साली. त्या काळी महाराष्ट्रात अभियांत्रिकीला जायचे तर कोणती परीक्षा द्यावी, हा प्रश्नच नव्हता. बारावीचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तीन विषयांचे गुण, एवढाच हिशेब. 'ग्रुप किती?' असे लोक विचारत आणि तीनशेपैकी एक आकडा सांगितला की माणसाची पुढची चाळीस वर्षे त्यांना दिसत. त्यातही आपल्या विद्यापीठाच्या कक्षेतल्या मुलांसाठी बहुतांश जागा राखलेल्या असत. त्यामुळे आमचे जग नांदेड आणि औरंगाबाद एवढ्यावर संपे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले ते १९९४ साली. आमच्या वेळी नांदेडही औरंगाबादच्याच विद्यापीठाखाली होते. लातूरच्या मुलांची नावे गुणवत्ता यादीत झळकत आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द आमच्याकडे आदराने आणि थोड्या असूयेने उच्चारला जाई. तो पॅटर्न म्हणजे तरी काय, तर बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेचा न थकता केलेला सराव. एकच परीक्षा होती आणि सगळी भक्ती तिच्याच चरणी वाहिली जात होती.

मला विष्णुपुरीच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. गावात पेढे वाटले गेले. वसतिगृहातल्या पहिल्याच महिन्यात परप्रांतातून आलेला एक मुलगा बोलता बोलता म्हणाला की, आयआयटीची परीक्षा त्याने दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली, म्हणून तो इथे आला. मी त्याला विचारले, "तिथे जायला वेगळी परीक्षा असते?" तो हसला नाही, त्याला वाटले, मी थट्टा करतो आहे. आयआयटी हे नाव मी ऐकलेले होते. पवई आपल्याच राज्यात आहे, हेही ठाऊक होते. पण तिथे जाण्याचा रस्ता बारावीच्या ग्रुपमधून जात नाही, हे मला कुणी सांगितलेच नव्हते. कोण सांगणार? आमच्या शिक्षकांपैकी कुणी तो अर्ज डोळ्यांनी पाहिलेला असेल, असे मला वाटत नाही.

मी ती परीक्षा उत्तीर्ण झालो असतो, असा माझा दावा नाही. बहुधा झालो नसतो. सल राहिला तो नापास होण्याची संधीही न मिळाल्याचा. असो.

माझ्यानंतर चित्र पालटत गेले, आणि कसे पालटले हे पाहण्यासारखे आहे. २००२ साली केंद्राची एआयईईई आली. २००४ पासून राज्याने अभियांत्रिकीसाठी सीईटी सुरू केली आणि बारावीच्या ग्रुपचे राज्य खालसा झाले. २०१३ साली एआयईईईची जागा जेईई मेनने घेतली. देशभर एकच परीक्षा हवी, हा विचार तेव्हा जोरात होता. महाराष्ट्राने तो मनावर घेतला आणि २०१४ व २०१५ अशी दोन वर्षे आपली सीईटी बाजूला ठेवून जेईई मेनचे निम्मे आणि बारावीचे निम्मे गुण धरून प्रवेश दिले. मग लक्षात आले की, राज्य मंडळाची पुस्तके वाचून आलेल्या मुलांना केंद्रीय मंडळाच्या वळणाची परीक्षा जड जाते. २०१६ ला सीईटी परत आली, ती आजतागायत आहे. २०१९ पासून ती संगणकावर होते आणि गुणांऐवजी पर्सेंटाइल सांगते. म्हणजे अवघ्या बारा वर्षांत राज्याने तीनदा आपले मत बदलले. कोणती परीक्षा घ्यावी, हे ज्या प्रश्नात तज्ज्ञांना आणि मंत्र्यांना ठरवता आले नाही, त्याच प्रश्नाची दुसरी बाजू, कोणती परीक्षा द्यावी, ही आपण सतरा वर्षांच्या मुलांनी सहज ठरवावी अशी अपेक्षा करतो.

लोकांना वाटते की, या सगळ्या परीक्षा एकाच गोष्टीच्या लहानमोठ्या आवृत्त्या आहेत. मोठीचा अभ्यास केला की धाकटी आपोआप येते. मलाही तसेच वाटत होते. भाचीने माझ्या तक्त्याच्या कोऱ्या बाजूवर एक साधा भागाकार करून दाखवला. सीईटीत १८० मिनिटांत १५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. जेईई मेनमध्ये तेवढ्याच वेळात ७५ प्रश्न, म्हणजे १४४ सेकंद. बरोबर दुप्पट. "मामा, सीईटीत विचार करत बसलं की गेलं. तिथं प्रश्न वळखीचा असावा लागतो. मेनमध्ये वळखीचा नसला तरी चालतंय, पण बसून सोडवावा लागतो." मी अनेक मार्गदर्शनपर लेख वाचले होते, इतके नेमके कुठे वाचले नव्हते.

या दोन परीक्षा दोन वेगळ्या वृत्तींची पारख करतात. सीईटी राज्य मंडळाच्या पुस्तकांवर बेतलेली, सुमारे वीस टक्के भार अकरावीवर आणि ऐंशी टक्के बारावीवर, चुकीच्या उत्तराला शिक्षा नाही. गणिताला प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, भौतिक आणि रसायनला एकेक. तिथे हात थांबता कामा नये. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. तिथे हात आवरता आला पाहिजे. एकीची तयारी करताना लागलेली सवय दुसरीत आडवी येते. दोन्हींचा पाठ्यक्रम बराचसा सारखा असला, तरी दोन्हींसाठी घडणारे मूल सारखे नसते.

वजा गुणांचा विषय निघाला तेव्हा मी वडीलकीच्या सुरात म्हणालो की, खात्री नसेल तर मेनमध्ये प्रश्न सोडून द्यावा. तिने क्षणभर विचार केला. "चार पर्यायांत डोळे मिटून एक टाकला तर चारांत एकदा चार मिळणार, तीनदा एक जाणार. चारातून तीन गेले, राहिला एक. म्हणजे प्रश्नामागं सरासरी पाव गुण मिळतोच की." मी मनात पडताळा घेतला. हिशेब चोख होता. अर्थात एका परीक्षेत एका जिवाला सरासरी भेटत नसते, आणि संख्येत उत्तर लिहायच्या प्रश्नांना हा न्याय लागू नाही, हेही तिनेच पुढे सांगितले. वजा एकची भीती तिच्या खऱ्या किमतीपेक्षा फार मोठी आहे, हे मात्र मला त्या ओसरीवर प्रथम कळले. मी सल्ला द्यायला आलो होतो आणि शिकत बसलो होतो.

भाषेचा एक पदर इथे आहे, तो आमच्या भागात फार खोल जातो. भाची दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. अकरावीला एका उन्हाळ्यात सगळे विज्ञान इंग्रजी झाले. सीईटीत भौतिक आणि रसायन मराठीतून देता येते, गणित मात्र इंग्रजीतच. जेईई मेन २०२१ पासून मराठीसह तेरा भाषांत होते. त्यापुढची अ‍ॅडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीतच. म्हणजे मराठी मुलाला पहिल्या उंबरठ्यापर्यंत आपली भाषा सोबत करते आणि माजघराच्या दाराशी निरोप घेते. तिला विचारले तर ती म्हणाली, "आता तर मला मराठीतनंही कळत नाही, मामा. 'जडत्वाचे परिबल' वाचलं की आधी मनात 'मोमेंट ऑफ इनर्शिया' करावं लागतंय." दोन वर्षांत एका भाषेतले ज्ञान असे परके झाले. याची नोंद कोणत्याही पर्सेंटाइलमध्ये होत नाही.

शेवटी तिने माझ्या यादीवर काट मारायला सुरुवात केली. तिची कसोटी अशी: ज्या दारातून आत जाण्याची आपली ऐपत नाही, ते दार वाजवायचे नाही. बिटसॅट आणि ते दक्षिणेतले विद्यापीठ पहिल्या झटक्यात गेले. तिथले वार्षिक शुल्क तिने दाजींच्या वर्षाच्या सोयाबीनशेजारी मांडून पाहिले होते. उलट, जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना, राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास पूर्ण शिक्षण शुल्काची सवलत दिली होती. ताईचे घर त्यात बसत होते. सीईटीच्या बाजूने हा मोठाच दगड तराजूत पडला होता.

मला ती कसोटी खटकली. अजूनही पूर्ण पटलेली नाही. दार वाजवल्याशिवाय आत किती खर्च येतो, हे गरिबाने स्वतःच ठरवून टाकावे, यातच त्याची अर्धी हार असते. बिट्समध्ये गुणवत्ता आणि गरज पाहून शिष्यवृत्ती मिळते. आयआयटीत उत्पन्न एक लाखाखाली असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ होते, पाच लाखांखाली असेल तर दोन तृतीयांश. २०१८ पासून आयआयटीत मुलींसाठी अतिरिक्त जागा आहेत. मी हे सारे सांगत गेलो. माझा आवाज चढत गेला असावा, कारण ताई दारात येऊन उभी राहिली.

भाची शांतपणे म्हणाली, "मामा, तुम्हाला तवा कुणी इचारलं नाही, म्हणून तुम्ही मला सगळं भरायला लावायलात का?"

वसतिगृहातली ती गोष्ट मी तिला केव्हातरी, विनोद म्हणून, सांगितली होती. तो विनोद नव्हता, हे तिने ओळखले होते.

त्या वर्षी तिने दोनच अर्ज भरले: जेईई मेन आणि सीईटी. जानेवारीची मेन तिने नांदेडच्या केंद्रावर दिली, फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची लेखी परीक्षा दिली, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा मेन दिली आणि त्याच महिन्यात १९ ते २७ तारखांच्या दरम्यान सीईटी. या धांदलीत बारावीचे काय झाले, असे कुणी विचारील. आमच्या वेळी जी सर्वस्व होती ती परीक्षा आता केवळ पात्रतेची अट होऊन बसली आहे. राज्याच्या प्रक्रियेत एक किमान टक्केवारी, आयआयटी-एनआयटीसाठी सर्वसाधारण गटात पंचाहत्तर टक्के, की झाले. प्रयोगशाळेत जाण्याचे कारण उरलेले नाही. भाचीने मला प्रांजळपणे सांगितले की, लंबकाचा आवर्तकाल काढण्याची गणिते तिने शेकडो सोडवली; लंबक एकदाच हलताना पाहिला. आपण किती परीक्षा वाढवल्या याचा हिशेब सगळे मांडतात. त्या वाढवताना काय गमावले, त्याचा रकाना माझ्याही तक्त्यात नव्हता.

एप्रिलच्या मध्यानंतर मेनचा निकाल लागला आणि अनपेक्षित गोष्ट घडली. अ‍ॅडव्हान्स्डला बसण्यासाठी देशभरातून सुमारे अडीच लाख मुले, प्रवर्गवार, पात्र ठरतात. त्यांत ती होती. अर्ज २३ एप्रिलपासून २ मेपर्यंत भरायचा होता. परीक्षा १८ मे रोजी, एकाच दिवशी तीन-तीन तासांच्या दोन प्रश्नपत्रिका. मला बातमी कळताच मी दूरध्वनी केला. या खेपेस आवाज खाली ठेवण्याचा निश्चय केला होता.

ती म्हणाली, "भरणार नाही, मामा."

कारणे तिने सांगितली, एकेक करून, जणू उदाहरण सोडवते आहे. अ‍ॅडव्हान्स्डच्या वळणाचा अभ्यास झालेला नाही. पात्रतेची रेषा ओलांडणे आणि जागा मिळणे यांत फार अंतर आहे. तेवढ्यासाठी एक वर्ष थांबून पुन्हा द्यायची तर नांदेडची खोली, शिकवणी, खानावळ, आणि धाकटा भाऊ यंदा दहावीला. सीईटी चांगली गेली आहे. आणि तिला विद्युत अभियांत्रिकी शिकायची आहे, ती राज्यातल्या महाविद्यालयातही शिकता येते. मग थोडे थांबून म्हणाली, "मला ठाऊक आहे मी काय सोडायले ते. ठाऊक नसतं तर गोष्ट वेगळी होती."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. खिडकीशी बराच वेळ उभा होतो.

त्या दिवसापासून हे दोन अर्ज माझ्या मनात शेजारी शेजारी पडून आहेत. १९९३ चा माझा आणि २०२५ चा तिचा. दोन्ही कोरे. कुणा त्रयस्थाने पाहिले तर त्याला काही फरक दिसणार नाही: उमरीचे एक मूल आयआयटीच्या परीक्षेला बसले नाही, एवढीच नोंद दोन्हीकडे होईल. पण माझा अर्ज कोरा राहिला तो मला ते दारच ठाऊक नव्हते म्हणून. तिचा कोरा राहिला तो दार, उंबरठा, आतला खर्च आणि आपली पावले हे सारे मोजून. बत्तीस वर्षांत आमच्या गावाने जे काही मिळवले असेल, ते या दोन कोऱ्या कागदांमधल्या अंतरात आहे, असे मला वाटते.

पण एवढ्यावर समाधान मानू नये, हेही खरे. तिच्या कारणांतली निम्मी कारणे पैशांची होती. सोयाबीनला हमीभाव मिळाला असता, खोलीचे भाडे आड आले नसते, दहावीपर्यंतची भाषा शेवटच्या दारापर्यंत बरोबर आली असती, तर तिने हेच ठरवले असते का? मी तिला हे विचारलेले नाही. मोजून घेतलेला निर्णय आणि मुक्तपणे घेतलेला निर्णय यांत अजून एक अंतर आहे. ते कापायला आमच्या गावाला आणखी किती वर्षे लागतील, याचा तक्ता मला करता येत नाही.

राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतून तिला एका शासकीय महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीला जागा मिळाली. गावात पेढे वाटले गेले, याही वेळी. तिला सोडायला दाजी गेले. ताईने सामान बांधताना रद्दीतून माझा तो कागद शोधून काढला आणि मागच्या बाजूची आकडेमोड दाखवत विचारले, हा ठेवायचा का. ७२ आणि १४४ असे दोन आकडे त्यावर मोठ्या अक्षरांत होते, त्यांच्याखाली पाव गुणाचा हिशेब, आणि उलट्या बाजूला, माझ्या हस्ताक्षरातल्या पाच नावांपैकी तीन नावांवर मारलेली सरळ, न थरथरलेली काट.

मी म्हणालो, ठेव.